चूक शून्य

बटण दाबले, आणि आवाज आला नाही.

एवढेच झाले. पडद्यावर नेहमीची हिरवी ओळ उमटली, ‘सेशन तयार, चूक शून्य’, आणि ती सवयीने नोंदवही ओढायला वळली तोच तिचा हात मध्येच थांबला. एकोणीस वर्षे रोज सकाळी हे बटण दाबले की शेजारच्या लोखंडी कपाटातून एक आवाज यायचा. मूठभर हरभरे स्टीलच्या ताटात सांडावेत तसा, क्षणभरच. कपाटात एक कार्ड होते आणि कार्डावर चौसष्ट रिले, म्हणजे नखाएवढ्या डब्यांत बसवलेले चौसष्ट स्विच. तपासायला आलेल्या सर्किट बोर्डाच्या कुठल्या टोकाला मीटर जोडायचा आणि कुठल्या टोकापासून तोडायचा, हे त्यांचे काम. कुठलेही सेशन, म्हणजे तपासणीची फेरी, सुरू करताना प्रोग्राम त्या कार्डाला हाक मारतो, कार्डाने ओ दिली की सांगतो, आधी सगळे हात सोडा, एकदा अंग झटका, मग कामाला लागू. चौसष्ट स्विच भराभर मिटून उघडतात. तोच तो आवाज. कारखान्यात अगदी साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताई म्हणत, आणि ताईंचा दिवस त्या आवाजाशिवाय सुरू होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. तिने सेशन बंद केले, पुन्हा सुरू केले. हिरवी ओळ आली. चूक शून्य. कपाट मख्ख.

गेले दोन दिवस पलीकडच्या खोलीत भिंत फोडायचे काम चालले होते. ड्रिलच्या त्या गोंगाटात माणसाला स्वतःचा विचार ऐकू येत नव्हता, तिथे रिले काय ऐकू येणार. आज गवंडी आलेच नव्हते. खोली इतकी शांत होती की छताच्या पंख्याची घरघर स्पष्ट कळत होती, मागच्या टेबलावर बसणाऱ्या सोल्डरिंगवालीच्या खुर्चीची कुरकुर कळत होती, खाली अंगणात कोणीतरी ट्रकचे फाळके आपटले तेही कळले. म्हणजे जाडजूड आवाज येत होते. फक्त तो एक बारीक, टोकदार आवाज नव्हता. आणि हे असेच तिने पूर्वी एकदा ऐकले होते. ‘बारीक आवाज आधी जातात, जाड मागून. म्हणून माणसाला बरेच दिवस पत्ता लागत नाही,’ असे कानाचे डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा खुर्चीवर आई बसली होती आणि ती आईच्या मागे, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून उभी होती. आईचे कान जायला लागले तेव्हा आई अठ्ठेचाळीस वर्षांची होती, असा डॉक्टरांचा अंदाज. तिला स्वतःला गेल्या महिन्यात अठ्ठेचाळीस पुरी झाली होती. तिने मनातल्या मनात म्हटले, आला की नाही नंबर वेळेवर. विनोद स्वतःपुरताच होता आणि त्यावर तिला हसू आले नाही.

आईचा कान म्हणजे काय चीज होती! एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर आईने बावीस वर्षे काढली. लहानपणी शाळा सुटली की ती आईच्या टेबलाखाली पाय मुडपून बसायची आणि वर बघत राहायची. डोक्यावर हेडफोन, समोर भोकाभोकांची फळी, आणि आईचे हात दोऱ्यांची टोके या भोकातून काढून त्या भोकात घालताहेत. कोणाला तरी कोणाशी तरी जोडून द्यायचे आणि आपण बाजूला व्हायचे, हे काम तिने पहिल्यांदा पाहिले ते तिथे. आई नुसत्या श्वासावरून फोन करणाऱ्याला ओळखायची. ‘बोला मोठे डॉक्टर, पुन्हा धापा टाकताय, जिन्याने आलात वाटतं,’ असे म्हणायची आणि पलीकडून हसू यायचे. नातेवाइकांत आईच्या कानाच्या गोष्टी सांगितल्या जायच्या. पुढे बोर्ड आपोआप चालणारे आले आणि आईला नोंदींच्या खोलीत बसवले. तिथे कानाचे काही काम नव्हते. तिथेच केव्हातरी, कागदांच्या गठ्ठ्यांत, कोणाच्या लक्षात न येता तो कान जायला लागला असणार. जिच्या कानाची गावभर ख्याती, तिने कोणत्या तोंडाने सांगावे की मला ऐकू येत नाही? तिने सांगितलेच नाही. तिने सोपा मार्ग काढला. ती सगळ्याला हो म्हणू लागली.

पाच वर्षे आई हो म्हणत होती. चारचौघे हसले की हसायची, माना हलवल्या की हलवायची, समोरच्याचा चेहरा थोडा लांबला की ‘अगं बाई’ म्हणायची, आणि काहीच अंदाज आला नाही की ‘बरं झालं’. हे ‘बरं झालं’ फार कामाचे होते, नव्वद टक्के ठिकाणी खपून जायचे. बदली झाली, बरं झालं. पाहुणे आले, बरं झालं. पाहुणे गेले, तर फारच बरं झालं. घरातले म्हणायचे, वय झाले तशी मवाळ झाली हो, पूर्वी किती वाद घालायची. आणि त्या मवाळपणाच्या दिवसांत एकदा, वर्षे झाली त्याला एकवीस, ती माहेरी आली होती. दुपारची वेळ. आई पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती, नळ सोडलेला. ती ओट्याच्या कडेला टेकली. पाचव्या महिन्यात गर्भपात झाला होता, इस्पितळातून सुटून तिसरा दिवस होता, आणि हे वाक्य तिने बसमध्ये कितीदा तरी जुळवून पाहिले होते, म्हणजे रडू न येता म्हणता येईल. ती म्हणाली, ‘आई, बाळ गेलं गं.’ आईने मान किंचित वळवली, हसली, आणि म्हणाली, ‘बरं झालं.’ आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. ती तशीच दारापाशी आली, चपला घातल्या आणि निघाली. पुढची दोन वर्षे ती आईशी कामापुरते बोलली.

कान गेल्याचे नंतर कळले, तेही अपघातानेच. एकदा ती आईच्या मागे उभी होती, आई कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि काही विचारल्यावर आई वळलीच नाही. तिच्यातली तपासनीस जागी झाली. एक पाऊल मागे सरून तिने म्हटले, ‘आई, आग लागलीय घराला.’ आई टॉवेलाची कडा कडेला जुळवत राहिली. आणखी एक पाऊल मागे, आणखी मोठ्याने. सख्ख्या आईची तिने अशी पायरीपायरीने चाचणी घेतली, आणि चौथ्या पायरीला तिथेच जमिनीवर बसून रडली. रडण्यात आनंद होता, हे कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही. आईला ऐकूच आले नव्हते! जगात एवढी मोठी चांगली बातमी तिला तोवर मिळाली नव्हती. मग डॉक्टर झाले, यंत्र झाले, ‘मशीनमध्ये सगळं ऐकू येतं, माणूस सोडून’ अशी आईची तक्रार झाली, यंत्र डबीत गेले, आई ओठ वाचायला शिकली. पण ते वाक्य तिने आईला पुन्हा कधी सांगितले नाही. सांगायचे तर ‘तू काय म्हणालीस’ हेही सांगावे लागले असते. राहू दे, म्हणता म्हणता एवढी वर्षे गेली.

आता कपाटासमोर बसून तिला आईचा पहिला दिवस दिसत होता. आईलाही असाच एक आवाज एके सकाळी आला नसेल. दाराची कडी, किंवा चमचा. आईनेही असेच आजूबाजूला पाहिले असेल, कोणाच्या लक्षात आले का म्हणून. पडद्यावर तर सगळे ठीक होते. चूक शून्य म्हणत होता तो. सहीचा अधिकार तिचा होता, आवाज ऐकलाच पाहिजे असे कुठल्याही नियमात लिहिलेले नव्हते. रिलेचा आवाज ऐकून ‘सतरावा अडकलाय’ असे सांगणारी अख्ख्या कारखान्यात ती एकटी, ती तिची ऐट होती, नोकरीची अट नव्हती. इथे बनणारे बोर्ड सलाइनच्या पंपात बसत. बाटली संपली, नळी मुडपली की शिट्टी वाजवायची, एवढेच त्यांचे काम. ते बोर्ड आकड्यांवर पास होतात, कानावर नाही. तिने पहिला बोर्ड उचलला. साच्यात बसवायचा, झाकण दाबायचे, चालू करायचे. कोणाला काही कळणार नाही. एखाद्या वर्षात सवय होईल, मग पुढच्या वर्षी कोणी मागून हाक मारली की ती हसून म्हणेल, बरं झालं. तिने बोर्ड खाली ठेवला. एक प्रश्न विचारायचा होता, पाच शब्दांचा, आणि जीभ उचलत नव्हती. आई पाच वर्षे जो प्रश्न विचारू शकली नाही तो किती जड असतो, हे तिला त्या मिनिटाला कळले, आणि आईचा तिला कधी नव्हे एवढा कळवळा आला.

मागे सोल्डरिंगवाली काम करत होती. तिला सगळे ठिणगी म्हणत, एक तर कामामुळे आणि दुसरे तोंडामुळे. बारा वर्षे दोघी पाठीला पाठ लावून बसत होत्या. ती आपली खुर्ची ठिणगीकडे फिरवून बसली.

“ए ठिणगे,” ती म्हणाली. “मी आत्ता सेशन सुरू केलं. तुला रिले ऐकू आले का?”

ठिणगीने तापलेली कांडी स्टँडवर ठेवली. “आत्ता?”

“आत्ता. दोनदा.”

“नाही बाई.”

“नीट आठवून सांग.”

“अहो, त्यात आठवायचं काय? नाही आले. काल गवंडी जेवायला गेले होते ना, साहेब तुमच्याशी बोलत उभे होते आणि बोलता बोलता तुम्ही सेशन सुरू केलंत, तेव्हाही नाही आले. मी म्हटलं, कार्ड कॅलिब्रेशनवरून आलंय नुकतंच, मुकं करून पाठवलं की काय.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला? तुमच्या कानाला मी सांगू? म्हणजे सूर्यापुढे काजवाच की! मला वाटलं, ताईंना येत असणार, माझेच कान बसले असतील धुराने.” ठिणगीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि खुर्ची जवळ ओढली. “ताई, काय झालं? तुम्ही रडताय का?”

“नाही गं. बरी आहे मी. फार बरी आहे.”

तिला ऐकू येत होते. म्हणजे, ऐकण्यासारखे काही झालेच नव्हते. पंखा, खुर्ची, ठिणगीच्या बांगडीची टेबलाला लागलेली किणकिण, सगळे जिथल्या तिथे होते, आणि आता तर ती किणकिण इतकी बारीक ऐकू आली की ठिणगीचा हात धरून ठेवावासा वाटला. तिने धरलाही. मग हळूहळू दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. दोघींना आवाज आला नाही. काल आला नाही. परवा ड्रिल होते. मग हिरवी ओळ कोणाच्या जिवावर उमटत होती?

“काकांसारखं वाचून बघा की,” ठिणगी म्हणाली.

काका हे इथले जुने तपासनीस, तिचे गुरू. त्यांच्या वेळी रोज सकाळी सेशन सुरू करण्याआधी पडद्यावरच्या सेटिंगच्या खिडकीतले चार रकाने मोठ्याने वाचायची पद्धत होती. एकाने विचारायचे, दुसऱ्याने बोट ठेवून उत्तर द्यायचे. नाव काय? म्हणजे कुठल्या कार्डाशी बोलायचे आहे. जोडणी कशी? म्हणजे स्विच कोणत्या रचनेत गुंफायचे. खरं खरं की खोटं खोटं? म्हणजे खऱ्या यंत्राशी बोलायचे की यंत्र आहे असे धरून चालायचे. आणि शेवटी, पाटी पुसू का? म्हणजे आधीचे सगळे सोडवून कोरे करायचे का. मोठमोठी माणसे लहान मुलांसारखी ‘खरं खरं!’ म्हणून ओरडायची आणि बाहेरून जाणारे हसायचे. काका निवृत्त झाले, पुढे वारलेही. मग हे चार रकाने प्रोग्राम आपणहून भरू लागला, आणि वाचणे बंद पडले. ते बंद पाडणारी तीच होती. रोजची दोन मिनिटे वाचतात, असे तिने साहेबांना लिहून दिले होते.

तिने खिडकी उघडली. नाव बरोबर. जोडणी बरोबर. तिसऱ्या रकान्यात लिहिले होते, खोटं खोटं. इंग्रजी शब्दात लिहिले होते, पण तिने वाचले ते काकांच्याच आवाजात. कार्ड कॅलिब्रेशनला, म्हणजे मापे जुळवून घ्यायला, गेले होते तेव्हा दहा दिवस हाताला काम नव्हते. प्रोग्राममधल्या बारीकसारीक दुरुस्त्या उरकून घ्याव्यात म्हणून तिनेच, स्वतःच्या हाताने, तपासणीचे सगळे स्टेशन खोट्यावर टाकले होते. खोट्यावर टाकले की प्रोग्राम कार्डाकडे जातच नाही. हाकही आपण मारतो, ओही आपणच देतो. मीटरसुद्धा खरा वाचत नाही, जो आकडा यायला हवा तोच आणून देतो, मर्यादेच्या बरोबर मधला. सोमवारी कार्ड परत आले, कपाटात बसले, आणि तो रकाना परत फिरवायचा राहून गेला. सोमवार आणि मंगळवार मिळून सेहेचाळीस बोर्ड पास झाले होते. सगळ्यांवर तिची सही होती. आणि काय पास झाले होते! एकही आकडा इकडचा तिकडे नाही. काल तिने साहेबांदेखत ठिणगीला म्हटलेही होते, या खेपेचं तुझं काम म्हणजे सोनं आहे.

“म्हणजे ते सोनं नव्हतं?” ठिणगीने विचारले.

“ते काहीच नव्हतं. तपासलंच नाही आपण.”

“घ्या! काल घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं मी. दोनदा सांगितलं. आता परत घेऊ का?” आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, “बोर्ड आहेत अजून खाली. गाडी चारला आहे. मी रोखते, तुम्ही साहेबांकडे जा.”

साहेबांच्या खोलीपर्यंतची चाळीस पावले तिला पुढे बराच काळ आठवत राहिली. कान लाल झाले होते, आणि तरी छातीत काहीतरी हलके होते. जो प्रश्न विचारायचा तो विचारून झाला होता. त्यानंतर हे सांगणे त्या मानाने सोपे होते. तिने सांगितले. माझ्या हातून राहिले, सेहेचाळीसच्या सेहेचाळीस न तपासता पास झाले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. ते मुळातच कमी बोलणारे. “गाडी उद्यावर ढकलतो,” ते म्हणाले. “पुन्हा लावा सगळे. आणि कळलं कसं?” तिने सांगितले, आवाज आला नाही म्हणून. साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, “ते वाचायचं बंद केलं होतं ना आपण. उद्यापासून चालू करा. आणि ताई, हे लेखी द्यावं लागेल. पण मी खाली माझंही नाव घालीन. वाचणं बंद करायच्या कागदावर सही माझी होती.” तिला साहेबांच्या पाया पडावेसे वाटले. तसे काही न करता ती ‘हो साहेब’ म्हणाली आणि बाहेर आली.

तिसरा रकाना तिने फिरवला. ठिणगी उठून मागे येऊन उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर. “नाव काय?” ठिणगीने विचारले. ती बोट ठेवून वाचत गेली. तिसऱ्याला दोघी एकदमच ओरडल्या आणि पॅकिंगवाला दारात येऊन बघून गेला. बटण दाबले. हरभरे सांडले. ठिणगी म्हणाली, “बोललं बाई एकदाचं,” आणि आपल्या जागेवर गेली. तिने मात्र काही कारण नसताना कपाटाचे दार उघडले आणि दाराआड तोंड करून डोळे पुसले. दिवसभर सेहेचाळीस बोर्ड पुन्हा लावले. त्रेचाळीस पास झाले, आकडे नेहमीसारखे थोडे इकडे, थोडे तिकडे, माणसाने बनवल्यासारखे. तीन नापास. त्यातला एक तिने हातात घेऊन उलटसुलट केला. सगळे ठीक होते, फक्त नळी मुडपली तर शिट्टी वाजणार नव्हती. भिंगातूनही दिसणार नाही असा सोल्डरिंगचा एक सांधा कोरडा, म्हणजे नीट न चिकटलेला, राहिला होता. ठिणगीने तो पाहिला आणि कांडी तापत ठेवली. कुठल्यातरी खाटेवर, कुठल्यातरी गावी, कोणीतरी निजले असते आणि शिट्टी वाजली नसती. त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल तिला अतोनात माया वाटली. गवंड्यांचे आभार मानावेसे वाटले, त्यांनी आज खाडा केला म्हणून. काकांचे मानावेसे वाटले. ठिणगीचे तर वाटलेच. ‘ताईंना ऐकू येत असणार’ अशी खात्री असूनही, विचारल्यावर जे खरे तेच ती म्हणाली होती. आपल्याला बरे वाटावे म्हणून ‘आला की’ म्हणाली असती, तर?

घरी जाताना हा ‘तर’ तिच्याबरोबर चालत होता. संध्याकाळचे सहा वाजले होते, उजेड अजून होता. नवरा कामासाठी बाहेरगावी, मुलगी दुसऱ्या शहरात शिकायला. पहिले बाळ गेल्यानंतर तीन वर्षांनी ती झाली, आणि तिच्या बारशापासून सगळे आनंदातच गेले, तक्रार करायला जागा नव्हती. घरात आई एकटी होती. नऊ वर्षांपूर्वी तिने आईला आपल्याकडे आणले. आई टेबलाशी बसून शेंगा सोलत होती, पाठ दाराकडे. ती मुद्दाम वळसा घालून समोर गेली, म्हणजे आई दचकणार नाही. मागून हाक मारली तर पूर्वी आई हसून मान हलवायची. आता मान हलवत नाही, आता स्पष्ट म्हणते, समोर ये, दिसत नाहीस. हेही आई शिकली, म्हातारपणी, बिनतक्रार. तिने खुर्ची ओढली, खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर येईल अशी बसली आणि शेंगांची परात बाजूला केली.

“काय गं? दमलीस?” आईने विचारले.

“आई, एक सांगायचंय. जुनं आहे. एकवीस वर्षांपूर्वी मी घरी आले होते, दुपारी. तू भांडी घासत होतीस.”

आई ओठांकडे बघत होती.

“तेव्हा मी तुला सांगितलं होतं. पहिलं बाळ गेल्याचं. इस्पितळातून आल्यावर सगळ्यांच्या आधी तुला सांगितलं होतं.”

आईचे दोन्ही हात टेबलावर आले. “मला जावयांच्या पत्रातून कळलं,” ती म्हणाली, “पंधरा दिवसांनी. मी म्हटलं, लेकीने आपल्याला सांगितलंसुद्धा नाही. म्हटलं, तिला आईला सांगावंसं वाटलं नसेल. एकवीस वर्षं मी तसंच धरून बसलेय.”

हे तिच्या ध्यानीमनीही नव्हते. दोघी एका घरात, एका टेबलाशी, इतकी वर्षे समोरासमोर जेवत होत्या, आणि दोघींच्या घशात एकाच काट्याची दोन टोके होती. ती बोलायला गेली, पण आईने हाताने थांबवले.

“मग मी काय म्हणाले होते तेव्हा?”

इथे एक मान हलवली असती तर भागले असते. काही म्हणाली नाहीस, नळ चालू होता. बाहत्तर वर्षांची म्हातारी, कशाला तिला आता. पण आईचे डोळे तिच्या ओठांवर होते, एक अक्षर निसटू नये म्हणून ताणलेले, आणि त्या डोळ्यांना खोटा आकडा देणे तिच्याने झाले नाही.

“तू हसलीस,” ती म्हणाली. “आणि म्हणालीस, बरं झालं.”

आईने ते वाचले. वाचताना तिचे स्वतःचे ओठही हलले, आवाज न करता. बाहेर कोणाच्या तरी सायकलची घंटा वाजली, ती एकीलाच ऐकू आली.

“आणि तरी यायचीस,” आई म्हणाली. “त्या दोन वर्षांत. तोंडातून चकार शब्द काढायची नाहीस, पण दर महिन्याला येऊन माझी औषधं भरून जायचीस. मला वाटायचं, एवढी का घुमी झाली ही. हे असं पोटात घेऊन यायचीस होय?” तिचा हात टेबलावरून पुढे आला आणि लेकीच्या मनगटावर बसला, शेंगांचा ओलसर, हिरवा वास असलेला हात. “तुझे उपकार कसे फेडू गं मी?”

“आई, असलं काही बोलू नकोस.”

“बोलू दे. मला विचारायला हवं होतं तेव्हा. ऐकू आलं नाही, परत सांग, एवढं म्हणायला हवं होतं. तेवढं म्हणवलं नाही.” आईने पदराने डोळे पुसले, नीट पुसले, कारण धूसर डोळ्यांनी ओठ वाचता येत नाहीत. मग खुर्ची पुढे ओढली, इतकी की दोघींचे गुडघे टेकले. “आता विचारते. पाचवा महिना होता म्हणजे… नाव ठरवलं होतंस का काही?”

हे तिला कोणीच विचारले नव्हते. नवऱ्यानेही नाही, त्याला धीर झाला नसेल. नाव ठरले होते. ते तिने कुठे लिहिले नव्हते आणि कोणाजवळ बोलली नव्हती. तिने ते नाव घेतले, सावकाश, अक्षर अक्षर सुटे करून, आईला दिसेल असे.

आईला पहिल्या वेळी नीट कळले नाही. “परत सांग,” ती म्हणाली.

तिने परत सांगितले. आईने ते ओठांवर जुळवून पाहिले आणि मग मोठ्याने म्हटले, टेलिफोनवर कोणाला बोलवायची तसे, स्वच्छ आणि बरोबर.